स्टॉपवॉचने छोटा वेळ मोजताय? या चुका टाळा

स्टॉपवॉचवर ०.०१ सेकंदापर्यंत आकडे दिसतात म्हणून आपलं रीडिंगही तितकंच अचूक आलं असं धरून चालणं, ही अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलमधली सगळ्यात कॉमन चूक. लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०१ हा घड्याळाचा असतो, अंगठ्याचा नाही. डोळ्याला दिसल्यापासून बटण दाबलं जाईपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात आणि तेही दरवेळी सारखे नाहीत, त्यामुळे पेंड्युलमच्या एकाच आंदोलनाचं (एका पूर्ण झोक्याचं) रीडिंग घेऊन जर्नलमध्ये ‘± ०.०१ सेकंद’ लिहिलं तर ते खरं नाही.

यातून पुढची चूक होते ती म्हणजे चेंडू हातातून सोडून स्टॉपवॉचने जी (गुरुत्वत्वरण, साधारण ९.८ मी/से²) काढायला जाणं. २ मीटरवरून चेंडू ०.६४ सेकंदात खाली येतो. बटण फक्त ०.१ सेकंद उशिरा सुरू झालं तर जी येतो १३.८ च्या आसपास, आणि थांबवायला तेवढाच उशीर झाला तर ७.३, कारण सूत्रात वेळेचा वर्ग आहे आणि टक्क्यातली चूक जवळपास दुप्पट होते. हा प्रयोग स्टॉपवॉचने करूच नका. गॅलिलिओनेही पडणारी वस्तू थेट न मोजता उतारावरून गोळा घरंगळवला होता, म्हणजे वेळ लांबवला, आणि आपल्यालाही तेच करायचंय.

पेंड्युलमने जी काढताना वेळ लांबवणं फार सोपं आहे. १ मीटर लांबीला एक आंदोलन २ सेकंदाचं, २० मोजली की ४० सेकंद, आणि अंगठ्याची ०.२ ची चूक २० ने भागली जाऊन ०.०१ वर येते. पण इथेच सगळ्यात जास्त गडबड होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बॉब (दोऱ्याला टांगलेला गोळा) टोकाला असताना बटण दाबू नका. बघायला सोपं वाटतं कारण तिथे बॉब क्षणभर थांबतो, पण तो थांबतो म्हणूनच नेमका क्षण कळत नाही. मध्यापासून ५ सेमी झोका असेल तर टोकाजवळच्या शेवटच्या २ मिमीत बॉब ०.१८ सेकंद रेंगाळतो आणि मध्यावर तेच २ मिमी ०.०१३ सेकंदात पार करतो, एवढा फरक आहे! मागे खडूने उभी रेघ मारा, डोळा बॉबच्या समोर सरळ ठेवा, आणि बॉब एकाच दिशेने जाताना रेघेवर आला की दाबा. तसंच दिसल्यावर दाबायचं नाही, दोन-तीन झोके ताल पकडायचा आणि ‘तीन, दोन, एक, शून्य’ म्हणत शून्याला दाबायचं. सुरुवात आणि शेवट दोन्ही एकाच पद्धतीने केले की उशीर बराचसा कटतो.

आणि शून्यच म्हणा, ‘एक’ नाही. एकपासून मोजलं तर होतात १९ आंदोलनं आणि आपण भागतो २० ने. जी १०.८ किंवा १०.९ येत असेल तर दुसरं काही शोधायच्या आधी हेच तपासा. १० आंदोलनं घेतली असतील तर याच चुकीने जी १२.१ येतो. उलट जी एखाद टक्क्याने कमी, म्हणजे ९.७ सारखा येत असेल तर लांबी फक्त दोऱ्याचीच मोजलीय का बघा, ती बॉबच्या केंद्रापर्यंत धरायची असते. झोका मात्र लहान ठेवा, १० अंशाला दोलनकाल (एका आंदोलनाचा वेळ) फक्त ०.२ टक्के वाढतो पण ३० अंशाला पावणेदोन टक्के.

एकच माप पाचदा घेऊन सरासरी काढली की सगळं बरोबर होतं असंही नाही. सरासरीने रीडिंगमधली इकडची-तिकडची चूक कमी होते, मोजणीची चूक पाचही वेळा केली तर सरासरीतही तशीच राहते. रीडिंग्ज एकमेकांना चिकटून आहेत आणि उत्तर तरी चुकतंय, तर अंगठ्याला दोष देऊ नका, लांबी आणि मोजणी बघा.

चेंडूच पाडायचा असेल तर फोन वापरा, पण तिथेही सांभाळून. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३३ मिलिसेकंदाच्या आतलं काही कळत नाही, तर स्लो मोशनच्या २४० फ्रेममध्ये ४ मिलिसेकंद. स्लो मोशनची फाइल चालवताना खाली दिसणारा वेळ खरा धरू नका, फ्रेम मोजा आणि फ्रेम रेटने भागा. उजेड भरपूर ठेवा, अंधारात बरेच फोन फ्रेम कमी करतात आणि चेंडूची नुसती लांबट रेघ दिसते. फायफॉक्स ॲपचं आवाजावर चालणारं स्टॉपवॉचही छान आहे, फक्त थ्रेशोल्ड (किती मोठ्या आवाजाला ते चालू-बंद व्हावं ती पातळी) वर्गातल्या गोंगाटापेक्षा वर ठेवा, नाहीतर शेजारच्या टेबलावरच्या आवाजाने टाइम थांबतो. आवाजाला मीटरमागे ३ मिलिसेकंद लागतात, म्हणून फोन जवळ हवा.

शाळेच्या स्पोर्ट्सला हाच मुद्दा मोठा होतो. १०० मीटरच्या फिनिशला उभं राहून पिस्तुलाच्या आवाजावर बटण दाबलं तर टाइम ०.२९ सेकंद कमी लागतो, म्हणून धूर दिसला की दाबा. तरीही हाताचा टाइम इलेक्ट्रॉनिकशी ताडताना १०० आणि २०० मीटरला त्यात ०.२४ सेकंद मिळवायची ॲथलेटिक्समध्ये पद्धत आहे.