इंग्रजी स्पेलिंगमधली चुकणारी जागा कशी पक्की करावी

स्पेलिंग सहसा पूर्ण चुकत नाही, एखाद्याच जागी चुकतं. ‘सेपरेट’ लिहिताना बाकी सगळं बरोबर येतं, फक्त ‘पी’नंतरच्या ‘ए’ऐवजी ‘ई’ पडतो. बोलताना तो स्वर जवळजवळ गिळला जातो, त्यामुळे कानावर भिस्त ठेवून उपयोग नाही. अख्खा शब्द घोकण्यापेक्षा तेवढी जागा पक्की करावी.

आधी आपली यादी काढा. जुने ईमेल, अर्ज, टिपणं चाळून वारंवार चुकणारे दहा-पंधरा शब्द वेगळे काढा. तयार याद्यांमधले बरेच शब्द आपल्याला येतच असतात. प्रत्येक शब्द बरोबर लिहून चुकणाऱ्या अक्षराखाली रेघ मारा. शेजारी चुकीचं रूप लिहू नका, नाहीतर डोळ्याला दोन्ही ओळखीची होतात.

मग शब्दाचा नातेवाईक शोधा. ‘डेफिनेट’च्या पोटात ‘फायनाइट’ आहे, म्हणून तिथे ‘आय’. ‘ए’ कुठेच नाही. ‘ग्रॅमर’च्या शेवटी ‘ए-आर’, कारण ‘ग्रॅमॅटिकल’मध्ये तो ‘ए’ स्वच्छ ऐकू येतो. ‘गव्हर्नमेंट’मधला ‘एन’ ‘गव्हर्न’चा. मात्र काही नातेवाईक दगा देतात: ‘मेंटेन’मधल्या दुसऱ्या ‘ए-आय’चा ‘मेंटेनन्स’मध्ये नुसता ‘ई’ होतो, ‘प्रोनाउन्स’मधला दुसरा ‘ओ’ ‘प्रनन्सिएशन’मध्ये गळतो आणि ‘प्रोसीड’चा डबल ‘ई’ ‘प्रोसीजर’मध्ये एकटा उरतो. हे तीन सरळ पाठ करा.

डबल अक्षरांना वेळ द्या. सर्वांत जास्त गोंधळ इथेच. क्रियापदाच्या शेवटी एक स्वर नि एक व्यंजन असेल आणि जोर शेवटच्या अवयवावर (उच्चाराच्या तुकड्यावर) असेल, तर ‘ई-डी’ किंवा ‘आय-एन-जी’ लावताना व्यंजन डबल होतं. ‘ऑकर’ (घडणे), ‘रेफर’, ‘बिगिन’ असे चालतात. ‘ऑफर’ आणि ‘व्हिजिट’मध्ये जोर सुरुवातीला, म्हणून डबल नाही. ‘रेफरन्स’मध्येही जोर सुरुवातीला सरकतो, म्हणून एकच ‘आर’. ब्रिटिश इंग्रजीत ‘ट्रॅव्हल’चा ‘एल’ हा नियम मोडून डबल होतो, अमेरिकन इंग्रजीत होत नाही.

ज्यांना नियमच नाही, त्यांच्यापुढे आकडे लिहा. ‘अकॉमोडेट’ २-२ (सी, एम), ‘एम्बॅरस’ २-२ (आर, एस), ‘हॅरास’ १-२ (आर, एस), ‘नेसेसरी’ १-२ (सी, एस).

‘आय-ई’ की ‘ई-आय’? उच्चार दीर्घ ‘ई’ असेल तरच नियम लावा: ‘सी’नंतर ‘ई-आय’ (रिसीव्ह, सीलिंग), एरवी ‘आय-ई’ (बिलीव्ह, अचीव्ह). शाळेत ही अट बहुधा सांगायची राहते, म्हणून ‘सायन्स’ अपवाद वाटतो. खरे अपवाद म्हणजे ‘सीझ’, ‘वीअर्ड’ यांसारखे शब्द.

सराव हातानेच. शब्द पाहा, झाका, लिहा, ताडून बघा. दुसऱ्या दिवशी, तीन दिवसांनी आणि आठवड्याने पुन्हा, शक्यतो वाक्यात.

स्पेलचेकमध्ये भाषा ब्रिटिश की अमेरिकन, ते आधी ठरवा. नाहीतर ‘कलर’मधला ‘यू’ एका परिच्छेदात दिसेल, दुसऱ्यात नाही. ‘हरवणे’ या अर्थाच्या ‘लूज’मध्ये एक ‘ओ’, ‘सैल’ या अर्थाच्या ‘लूज’मध्ये दोन. ‘अ‍ॅडव्हाइस’ (सल्ला) हे नाम असेल तर ‘सी’, ‘अ‍ॅडव्हाइज’ (सल्ला देणे) हे क्रियापद असेल तर ‘एस’. दोन्ही रूपं शब्दकोशात असल्यामुळे स्पेलचेक पुष्कळदा गप्प बसतो. अशा जोड्या मजकुरात शोधून एकेक तपासा.