इंजिन बदललेल्या गाडीचा रेडिएटर फॅन चालत नाही? रिलेची तपासणी अशी करा

इंजिन बदललेली गाडी हायवेला तापमानाचा काटा मध्यावर ठेवून पळते आणि पुण्यात चांदणी चौकाच्या किंवा विद्यापीठ चौकाच्या गर्दीत उभी राहिली की काटा चढायला लागतो. हे लक्षण फॅनचं आहे. वेगात असताना रेडिएटरमधून वारा आपोआप जातो, उभ्या गाडीला फॅनशिवाय पर्याय नसतो. उलट ताशी ८० च्या वेगातही काटा चढत असेल, तर रिलेच्या (फॅनचा करंट चालू-बंद करणाऱ्या छोट्या स्विचच्या) मागे लागू नका. थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह), तुंबलेला रेडिएटर किंवा कूलंटमध्ये अडकलेली हवा बघा. दिवे घाटात दुसऱ्या गिअरवर चढताना गरम होणारी गाडी मात्र दोन्हींत बसते. तिथे आधी फॅन तपासून मोकळं व्हायचं, ते काम सोपं आहे.

गॅरेजमधली पहिली सूचना ठरलेली असते: "रिले बदलून बघू." रिले स्वस्त आहे आणि दोन सेकंदांत निघतो, म्हणून सुरुवात तिथून होते. पण अशा गाडीत बिघाड बहुतेक वेळा रिलेच्या आजूबाजूला असतो. फॅन एका गाडीचा, सेन्सर नव्या इंजिनावरचा, ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) त्या इंजिनाबरोबर आलेला, एसीचं बटण जुन्या डॅशबोर्डवर, आणि हे सगळं कुणीतरी एका दुपारी जोडलेलं. त्यामुळे रिलेच्या चार पिनांपैकी नेमकं कुठे काय पोचत नाही, एवढंच शोधायचं आहे.

काय हवं

साधा डिजिटल मल्टीमीटर, २१ वॅटचा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प, ३० अँपिअरचा फ्यूज मध्ये घातलेली ४ स्क्वेअर एमएमची फूटभर जंपर वायर आणि एक नवा रिले. मीटर तपकीर गल्लीत मिळेल, रिले आणि तो ज्यात बसतो तो बेस नाना पेठेत. रिले घेताना अंगावरचा आकडा वाचा. ट्रकसाठीचा २४ व्होल्टचा रिले दिसायला अगदी तसाच असतो, पण १२ व्होल्टवर तो ओढतच नाही किंवा नुसता थरथरतो. शंका आली तर ८५ आणि ८६ या पिनांमध्ये ओहम मोजा: १२ व्होल्टच्या रिलेत साधारण ७० ते १०० येतात, २४ व्होल्टच्या रिलेत ३०० च्या आसपास.

काम सुरू करण्याआधी हात, ओढणी, बाही फॅनपासून लांब ठेवा. इलेक्ट्रिक फॅन इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

चार पिना

३० वर बॅटरीचा करंट येतो, फ्यूजमधून. ८७ मधून तो फॅनला जातो. ८६ आणि ८५ ही आतल्या कॉइलची दोन टोकं. एकीकडे चावीवरचा करंट आणि दुसरीकडे अर्थ (म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हशी जोड) मिळाला की रिले टक करून ओढतो. बहुतेक ईसीयू करंट देत नाहीत, अर्थ देतात. म्हणजे ईसीयूची वायर ८५ वर येते आणि गरज पडली की ईसीयू ती जमिनीला जोडतो. जुन्या सवयीचे वायरमन ही वायर करंटची समजून दुसरा सिरा अर्थ करून टाकतात. मग कॉइलच्या दोन्ही टोकांना अर्थ मिळतो आणि रिले जन्मात ओढत नाही.

पाच पिनांचा रिले असेल तर मधली पिन बघा. ती ८७ए असेल, तर तिच्यात रिले बंद असताना करंट असतो. फॅनची वायर चुकून तिथे गेली की फॅन थंड इंजिनावर चालतो आणि इंजिन गरम झालं की बंद पडतो. आणखी एक फसगत: काही रिलेंमध्ये ३० आणि ८६ यांच्या जागा अदलाबदल केलेल्या असतात. भंगारातल्या गाडीचा रिले बसवताना जागेवर भरवसा ठेवू नका, पिनेशेजारचा आकडा बघूनच लावा.

रिले काढा आणि बेसवर मोजा

पहिल्यांदा ३० च्या जागी टेस्ट लॅम्प लावा, दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला. चावी बंद असतानाही बल्ब लख्ख पेटला पाहिजे. इथे मीटरवर विसंबू नका. वायरचे सगळे धागे तुटून एकच शिल्लक असला तरी मीटर १२.५ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही. बल्ब मिणमिणला तर फ्यूज होल्डर, बॅटरीवरचा लग (वायरीच्या टोकाची कडी) आणि मधले जोड तपासा.

आता जंपरने ३० आणि ८७ जोडा. या एका कृतीने निम्मी गाडी तपासून होते. फॅन जोरात फिरला, तर करंट, फॅन आणि फॅनचा अर्थ तिन्ही ठीक, आणि दोष रिलेत किंवा कॉइलच्या बाजूला आहे. फिरलाच नाही, तर कॉइलकडे बघायची गरजच नाही. फॅनच्या कपलरवर (वायरीच्या प्लगवर) जा आणि तिथे १२ व्होल्ट येतात का पाहा. येत असून फॅन उभा असेल, तर त्याचा अर्थ किंवा कार्बन ब्रश गेलेला. काठीने हलकेच टकटक केल्यावर फिरला तर ब्रशच.

फॅन फिरत असतानाच ग्रिलसमोर वर्तमानपत्राचं पान धरा. फॅन रेडिएटरच्या मागे असो वा पुढे, कागद ग्रिलला चिकटला पाहिजे. उडून अंगावर येत असेल, तर फॅनच्या वायरी उलट्या आहेत. असा फॅन चालतो, आवाज करतो, पण समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच झुंजत राहतो.

रिले परत न लावता कॉइलच्या बाजूला या. चावी चालू करा. ८६ ला बॅटरीच्या निगेटिव्हशी १२ व्होल्ट मिळायला हवेत. मग मीटरची लाल टोच बॅटरीच्या प्लसला आणि काळी ८५ ला लावा. ईसीयूने हुकूम दिला की मीटर १२ दाखवेल. इथे टेस्ट लॅम्प वापरू नका, ईसीयूच्या आतला ट्रान्झिस्टर त्या बल्बसाठी बनलेला नाही. इंजिन गरम होईपर्यंत थांबायचं नसेल, तर कूलंट टेंपरेचर सेन्सरचा कपलर काढून बघा. बरेच ईसीयू सेन्सर गायब झाला की सुरक्षिततेसाठी फॅन लावतात. चेक इंजिनचा दिवा पेटेल, कोड नंतर पुसून घ्या.

हुकूमच येत नसेल तर

अशा गाड्यांचा खरा घोळ इथे असतो, म्हणून इथे वेळ द्या.

नव्या इंजिनावर बहुधा तापमानाचे दोन सेन्सर असतात: दोन वायरींचा ईसीयूसाठी आणि एका वायरीचा मीटरच्या काट्यासाठी. ते अदलाबदल झाले किंवा ईसीयूचा सेन्सर हाउसिंगच्या कोरड्या कोपऱ्यात राहिला, की काटा लाल रेघेवर आणि ईसीयूच्या हिशेबात इंजिन अजून कोमट. ईसीयूचा सेन्सर काढून मोजा: बहुतेकांत २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास येतात. एका वायरीच्या सेन्सरला अर्थ इंजिनाच्या अंगातूनच मिळतो, त्यामुळे आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे घातले की रीडिंग बिघडतं.

काही जण ईसीयू बाजूला ठेवून थर्मोस्विच (ठरावीक तापमानाला आपोआप चालू-बंद होणारा स्विच) वापरतात. पद्धत वाईट नाही, पण स्विचची जागा आणि अंश जुळले पाहिजेत. थर्मोस्टॅट ८८ ला उघडत असेल आणि इंजिनाच्या तोंडाशी बसवलेला स्विच ८५ ला बंद होणारा असेल, तर फॅन एकदा लागला की थांबायचं नावच घेत नाही. तोच स्विच रेडिएटरच्या खालच्या बाजूला चालतो, कारण तिथे पाणी थंड होऊन आलेलं असतं. होज पाइप कापून मध्ये ॲल्युमिनियमचा तुकडा घालून त्यात एका वायरीचा स्विच बसवला असेल, तर तो दोन्हीकडून रबरात लटकलेला आहे, त्याला अर्थ कुठून मिळणार? त्या तुकड्याला वेगळी अर्थ वायर द्या.

एसीचं निराळंच. जुन्या डॅशचं बटण कंप्रेसरला परस्पर करंट देतं आणि नव्या ईसीयूला एसी लागल्याचा पत्ताच नसतो. फॅन लागत नाही, कंडेन्सरमधलं प्रेशर चढतं, सिग्नलला एसीची हवा गरम होते आणि पाठोपाठ काटाही. ईसीयूला एसीच्या मागणीची पिन असेल तर ती जोडा. नसेल तर कंप्रेसरच्या वायरीवरून कॉइल चालणारा दुसरा रिले लावा, दोन्ही रिलेंचे ८७ फॅनवर एकत्र आणा.

८६ चा करंट थेट बॅटरीवरून घेऊ नका. तो ईसीयूच्या मेन रिलेनंतर घ्या, म्हणजे दोघे एकत्र चालू आणि एकत्र बंद होतील. आणि चावी काढूनही इंजिन क्षणभर चालू राहत असेल, तर फॅनचा करंट चावीच्या लाइनवर जोडलाय का पाहा. फिरत राहिलेला फॅन स्वतःच वीज तयार करून ती उलट इग्निशनला पुरवतो. कॉइलला डायोड असलेला रिले घेतलात तर ८६ ला प्लस आणि ८५ ला मायनस हेच हवं. उलटं लावलं तर सरळ शॉर्ट होतो, आणि मध्ये ईसीयू असेल तर त्याची ती पिन जाते.

रिले सारखा टरटरत असेल, तर दोन कारणं. कॉइलला पुरेसा व्होल्टेज मिळत नाही, किंवा नव्या पिढीचा ईसीयू फॅन कमीजास्त वेगाने चालवण्यासाठी तुटक-तुटक सिग्नल देतोय. दुसऱ्या प्रकारात साधा रिले कधीच टिकणार नाही. त्या फॅनचा मूळ कंट्रोलरच बसवावा लागतो.

बेस जळतोय?

रिलेचा बेस उलटा करून बघा. ३० किंवा ८७ जवळ प्लास्टिक तपकिरी पडलंय, वायरचं आवरण कडक झालंय, असं दिसलं तर नव्या रिलेने काही होणार नाही. ढिल्या क्लिपमुळे तिथे उष्णता तयार होते आणि नवाही जळतो. बेस, दोन्ही क्लिपा आणि वायरचा जळका तुकडा बदला. फॅन १० ते २० अँपिअर घेतो, सुरू होतानाच्या झटक्यात त्याच्या दुपटी-तिपटीने. ३० ते ८७ चा रस्ता ४ स्क्वेअर एमएमचा करा, जोड क्रिंप करा. वायरी पिळून वर टेप गुंडाळणं पहिल्या पावसापर्यंतच चालतं.

मग फॅन चालू असताना मीटर लावा. बॅटरीच्या प्लसपासून फॅनच्या प्लसपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडता कामा नये, आणि फॅनच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.२ च्या वर नको. दुसरा आकडा मोठा आला, तर इंजिन, बॉडी आणि बॅटरी यांना जोडणारी अर्थ पट्टी बघा. इंजिन उतरवताना ती काढतात आणि बसवताना विसरतात. जुन्या जीपमध्ये मूळचा पंखा पट्ट्यावर फिरायचा, त्या वायरिंगमध्ये २० अँपिअरची सोयच नव्हती. तिथे हेडलाइट आणि फॅन एकत्र लावून बॅटरीवर १३.५ व्होल्ट टिकतात का तेही पाहून घ्या. टिकत नसतील तर अल्टरनेटर मोठा हवा.

बेस नेहमी पिना खाली येतील असा, रेडिएटरपासून आणि चाकाच्या चिखलापासून लांब लावा. वॉशिंग सेंटरला बोनेटखाली प्रेशर मारू देऊ नका.

घाटात अडकलात तर

फॅन रिलेशिवाय डायरेक्ट करून देण्याचा सल्ला कायमसाठी घेऊ नका, पण कात्रजच्या चढावर तोच कामाचा. रिले काढून फ्यूजवाली जंपर ३० आणि ८७ मध्ये घाला, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात ठेवा, एसी बंद. घरी पोचल्यावर जंपर काढा. १५ अँपिअरचा फॅन ४५ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी जेमतेम तीन तासांत बसवतो.

दुरुस्तीनंतर गाडी उभ्यानेच गरम करा आणि फॅन दोनदा लागून दोनदा बंद होताना बघा, एकदा एसीशिवाय, एकदा एसी लावून. मग कोणत्या रंगाची वायर कोणत्या पिनेवर गेली याचा कागद लॅमिनेट करून बोनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. तुमच्या गाडीचं वायरिंग कुठल्याच कंपनीच्या पुस्तकात सापडणार नाही.