श्रावणात बंद केलेली दारू पुढेही बंद कशी ठेवावी

गटारीला मनसोक्त प्यायची, दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळायचा आणि अनंत चतुर्दशीला बाप्पा गेले की पुन्हा बसायचं. असा नेम वर्षानुवर्षं पाळणारी माणसं महाराष्ट्रात घरोघरी आहेत. दीड महिना थेंबाला न शिवणाऱ्या माणसाला मनोनिग्रह नाही असं म्हणता येत नाही. कमी पडते ती विसर्जनानंतरच्या संध्याकाळींची तयारी. ती कशी करायची ते पुढे आहे. पण पहिल्या दोन पायऱ्या तयारीच्या नाहीत, सुरक्षिततेच्या आहेत.

पहिली पायरी : आपण किती पितो ते मोजा

श्रावणाच्या दोन आठवडे आधीपासून रोज प्यायलेली दारू मिलिलिटरमध्ये लिहा. ‘दोन पेग’ असं लिहू नका, कारण घरी ओतलेला पेग कधीच मापात नसतो. एकदा औषधाच्या मापाने पाणी मोजून नेहमीच्या ग्लासात ओता आणि कुठवर येतं ते पाहा. भारतात व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के अल्कोहोल लिहिलेलं असतं. त्या हिशेबाने ६० मिलिलिटरच्या लार्ज पेगमधून साधारण २० ग्रॅम अल्कोहोल पोटात जातं, १८० च्या क्वार्टरमधून ६० ग्रॅम. ‘मी फक्त बीअर पितो’ म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं : आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरच्या ६५० च्या एका बाटलीत सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे दोन लार्ज पेग असतात.

शेजारी वेळ आणि सोबतही लिहा. दोन आठवड्यांत आपली ‘वेळ’ कागदावर दिसते. बऱ्याच जणांची ती साडेसात ते नऊ असते. पुढचं सगळं काम याच दीड तासाचं आहे.

दुसरी पायरी : घरी थांबायचं की डॉक्टरांकडे जायचं ते ठरवा

महिन्यातून चार-सहा वेळा पिणाऱ्याने एकदम थांबायला सहसा हरकत नसते. रोज क्वार्टर किंवा जास्त पिणाऱ्याचं तसं नाही. मेंदू रोजच्या दारूच्या गुंगीशी जुळवून घेतो, ती अचानक काढली की तो बेफाम उत्तेजित होतो. शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप लागत नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो : भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, वार कोणता ते कळत नाही. घरच्यांना ही बाहेरची बाधा वाटते आणि मौल्यवान तास अंगाऱ्या-धुपाऱ्यात जातात. ही बाधा नव्हे, जिवावर बेतणारा आजार आहे. १०८ ला फोन करा.

गटारीला वर्षातली सर्वांत जास्त दारू आणि दुसऱ्या दिवशी शून्य, हा क्रम रोज पिणाऱ्यासाठी म्हणूनच वाईट आहे. सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला घोट लागत असेल, पूर्वी फिट आली असेल, कावीळ झाली असेल किंवा घरात एकटेच राहत असाल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ किंवा फिजिशियन गाठा. ते पाच-सात दिवसांची, रोज कमी होत जाणारी औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देतात. इंजेक्शन-सलाईनची गरज आहे का, तेही तेच ठरवतील. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने झोपेच्या गोळ्या आणू नका. त्यावर दारू पडली तर श्वास मंदावतो.

इथे उपासाबद्दल सांगायलाच हवं. रोज पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ आधीच कमी असतं. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च, आणि तो पचवून वापरायला बी-१ च लागतं. त्यामुळे थांबल्यावरच्या पहिल्या आठवड्यात कडक श्रावणी सोमवार धरू नका. वरण-भात, भाकरी, उसळ, दूध आणि भरपूर पाणी घ्या. देव रागावणार नाही. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी कळवा. दारू थांबल्यावर त्यांचे डोस बदलावे लागू शकतात.

तिसरी पायरी : कारण नेमकं लिहा

‘तब्येतीसाठी’ हे कारण दुसऱ्या शनिवारी टिकत नाही. ‘सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलं’, ‘रात्री गाडी मी चालवणार म्हटल्यावर मुलगी रिक्षाने जाते म्हणाली’, ‘महिन्याला इतके हजार जातात आणि आरडीचा हप्ता थकतो’, असं लिहा. माणसं दारू सोडतात ती अशाच बारीक, टोचणाऱ्या कारणांनी. कागद पाकिटात ठेवा, नोटांच्या शेजारी.

चौथी पायरी : साडेसात ते नऊ

तलफ लाटेसारखी येते आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ काढायचा असतो. उपाशीपोटी ती दुप्पट जोराची वाटते, म्हणून सहा वाजताच पोटभर खा. रात्रीचं जेवण आठला उरका. जेवण झाल्यावर पिण्याची इच्छा बरीच मरते, हे प्रत्येक पिणाऱ्याला ठाऊक असतं. वाईन शॉपवरून जाणारा रस्ता महिनाभर टाळा, वळसा पडला तरी. चखण्याचे शेंगदाणे आणि शेव सध्या घरात नकोत, तोच ग्लासही नको. ‘झिरो’ बीअरही या काळात टाळा, कारण चव आणि वास जुनी सवय जागी करतात. गोड खावंसं वाटेल. गूळ, खजूर, चिक्की बिनधास्त खा (मधुमेह नसेल तर).

पहिले दोन आठवडे झोप बिघडते आणि ‘दारूशिवाय झोपच येत नाही’ असं वाटून बरेच जण इथेच घसरतात. ती पुढे हळूहळू सुधारते. तोवर दुपारची झोप आणि संध्याकाळचा चहा बंद.

पाचवी पायरी : विसर्जनानंतर

मित्र विचारतात, “काय मग, श्रावण संपला, बसायचं का?” ‘सध्या बंद आहे’ म्हटलं की तारीख विचारली जाते. “सोडली” हा एकच शब्द पुरतो. कारण दिलं की वाद सुरू होतो, म्हणून देऊ नका. अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या दोन शनिवारांचा कार्यक्रम आधीच पक्का करा : गावाला जा, नाटकाची तिकिटं काढा, काहीही, पण बार्शीचा मित्र आलाय म्हणून ‘नुसतं बसायला’ जाऊ नका.

एखाद्या वेळी घेतलीच, तर ग्लास तिथेच ठेवा आणि त्याच रात्री कुणाला तरी सांगा. ‘आता मोडलंच आहे’ या विचाराने जेवढी दारू पोटात जाते तेवढी पहिल्या घोटाने जात नाही. शिवाय दीड महिन्यात सहनशक्ती उतरलेली असते. जुना कोटा आता जास्त चढतो, गाडीला हात लावू नका.

पुन्हा पुन्हा घसरत असाल तर डॉक्टरांना नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेटबद्दल विचारा. ही तलफ कमी करणारी औषधं आहेत. डायसल्फिरामचं काम वेगळं : त्यावर दारू घेतली की तोंड लाल होतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. म्हणून घरच्यांनी ते भाजीत-चहात गुपचूप कधीही मिसळू नये. पिणाऱ्याला ठाऊक नसताना दिलेलं हे औषध जीव घेऊ शकतं, आणि ‘नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींतल्या पुडीत नेमकं काय आहे हे कुणी सांगत नाही.

१४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे, मन फार खचलं तर टेलिमानस १४४१६. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या आधारगटाच्या सभांना फी नसते, आडनावही विचारत नाहीत. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. तिथे घरच्यांशीही बोलतात.

आणि ‘पाहुण्यांसाठी’ म्हणून कपाटात मागे सरकवून ठेवलेली अर्धी बाटली आज सिंकमध्ये ओता. ओतताना कुणाला तरी शेजारी उभं करा.