नवा लॅपटॉप, नवी लिनक्स मिंट: मराठीत काम करणाऱ्यांनी सुरुवात कशी करावी

नव्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घेतली, तेव्हा पहिला तास सुखाचा गेला. खाली ओळखीची पट्टी, कोपऱ्यात मेन्यू, सगळं झटपट उघडत होतं. दुसऱ्या दिवशी पत्र लिहायला बसलो आणि मराठी कळफलक कुठे आहे तेच सापडेना. जुन्या फायली उघडल्या, तर त्यांत रोमन अक्षरांचा गोंधळ. मराठीत काम करणाऱ्याने नव्या प्रणालीबद्दलचं मत या दोन गोष्टी मार्गी लावल्यावरच बनवावं, म्हणून या लेखात जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. त्यानंतर बरेच जण या वाटेने येत आहेत.

१. आधी अडणारी कामं शोधा

रोजच्या कामांची यादी करा. हिशेबाचं टॅलीप्राइम विंडोजवरच चालतं. मायक्रोसॉफ्ट ऑफिस लिनक्सवर बसवता येत नाही, ब्राउझरमधून वापरता येतं. डिजिटल स्वाक्षरीचं टोकन असेल, तर ते बनवणारी कंपनी लिनक्ससाठी ड्रायव्हर देते का, हे आधी विचारा. यातल्या एखाद्या कामावर तुमचं पोट असेल, तर विंडोज पुसू नका, दोन्ही प्रणाली शेजारी ठेवा. नव्या लॅपटॉपची डिस्क बऱ्याचदा विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद असते. तिची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा आकडा, आधी कागदावर उतरवून घ्या.

सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. जुन्या मशीनमधले मराठी फॉन्टही त्यात घ्या. हे बहुतेक जण विसरतात, मीही विसरलो होतो.

२. पेनड्राइव्हवरून चालवून पाहा

मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉल करायची पूर्ण प्रत, उतरवा आणि एचर नावाच्या मोफत साधनाने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवर आधी असलेलं सगळं पुसलं जातं. लॅपटॉप सुरू करताना बूट मेन्यूची, म्हणजे कुठून सुरू व्हायचं ते निवडण्याची, कळ दाबा. काही कंपन्यांत ती एफ१२ असते, काहींत एफ९ किंवा एस्केप. आता डिस्कला हात न लावता मिंट चालेल. वायफाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड, झाकण मिटून पुन्हा उघडणं, हे सगळं तपासा. मगच इन्स्टॉल करा. पडद्यावरच्या सूचना सोप्या आहेत. फक्त 'डिस्क पुसा' हा पर्याय निवडण्याआधी थांबून पुन्हा वाचा.

इन्स्टॉल झाल्यावर अपडेट मॅनेजर आणि ड्रायव्हर मॅनेजर एकदा चालवा. टाइमशिफ्टमध्ये प्रणालीची प्रत घ्या, म्हणजे काही बिघडलं तर मागे जाता येईल. टाइमशिफ्ट प्रणाली सांभाळतं. तुमच्या फायलींची प्रत वेगळी घ्यावीच लागते.

३. मराठी कळफलक

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट या भागात जाऊन भारतीय यादीतला मराठी इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीची प्रमाण कळमांडणी, निवडा. भाषा बदलण्याची कळही तिथल्याच पर्यायांत ठरवता येते. रोमन अक्षरांत उच्चार टाइप करून देवनागरी मिळवायची सवय असेल, तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस-एम१७एन हे साधन घ्या. त्यात मराठीचे फोनेटिक पर्याय मिळतात.

तरीही इनस्क्रिप्टला एक महिना द्या, असं मी आग्रहाने सांगेन. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. ही मांडणी विंडोजवरही आहे आणि मॅकवरही, त्यामुळे पुढचा लॅपटॉप कोणताही घेतला तरी बोटं पुन्हा शिकावी लागत नाहीत. शिवाय ऱ आणि र यांना वेगळ्या कळा आहेत. ओ, जे, डी, तिरकी रेघ, ई या कळा ओळीने दाबल्या की 'दर्या' उमटतो, म्हणजे समुद्र. त्यातला जे शिफ्टसह दाबला की 'दऱ्या', म्हणजे डोंगरातल्या. ळ हवा असेल तर शिफ्ट आणि एन. नवी प्रणाली मराठीला तयार आहे की नाही, हे पाहायला मी आता 'दर्या' आणि 'दऱ्या' हेच दोन शब्द आधी टाइप करतो.

४. जुन्या फायली

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेत असलेल्या पद्धतीत, लिहिलेली वर्ड फाइल मिंटसोबत येणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये नीट उघडते. मात्र मंगल किंवा निर्मला हे मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट इथे नसतात. त्यांच्याऐवजी दुसरा फॉन्ट येतो आणि पानांची मांडणी बदलते. नोटो किंवा लोहित देवनागरी घेऊन मजकूर एकदा पुन्हा बसवा.

श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टांमधल्या फायलींची गोष्ट वेगळी. त्यांत मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. असतात ते दुसऱ्याच अक्षरांचे संकेत, आणि फॉन्ट त्यांना मराठीचा आकार देतो. फॉन्ट नसला की उरतो तो गोंधळ. सोबत आणलेली फॉन्टची फाइल दोनदा क्लिक करून बसवली की मजकूर वाचता येतो. पण शोधता यावा, मेलने पाठवता यावा, यासाठी युनिकोडमध्ये रूपांतर करावंच लागतं. परिवर्तक त्या त्या फॉन्टसाठीचाच वापरा. चुका बहुधा रफार आणि पहिली वेलांटी यांत होतात, कारण जुन्या फॉन्टांत त्यांची जागा दिसण्याप्रमाणे असते, उच्चाराप्रमाणे नाही. प्रत्येक पान मूळ छापील प्रतीशी ताडून पाहा. माझ्याकडच्या एका संस्थेच्या जुन्या इतिवृत्तांत आडनावं बिघडली होती, ती अशीच सापडली.

हे काम संपेपर्यंत जुना लॅपटॉप विकू नका.