अल्ट्रासॉनिक वेल्डिंग मशीनसमोर उभं राहण्याआधी

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या भागातल्या आपल्या कामगारांना लोखंड आणि लेथ अंगवळणी पडलेले. तापलेलं ओतकाम डोळ्यांना दिसतं, त्यामुळे हात आपोआप मागे राहतो. प्लास्टिक जोडणाऱ्या अल्ट्रासॉनिक मशीनला ज्वाळा नाही, ठिणगी नाही. नव्या पोराला ते गरीब वाटतं, आणि मला काळजी वाटते ती याचीच. प्लास्टिकवर टेकून त्याला थरथरवणारा धातूचा भाग म्हणजे हॉर्न. २० किलोहर्ट्झचा हॉर्न सेकंदाला वीस हजार वेळा हलतो, पण केसाच्या जाडीइतकाच, म्हणून तो स्थिरच दिसतो. चालू असताना बोट टेकलं तर भाजतं.

पाळी सुरू होताना आधी अर्थिंग बघा. तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन तोडून दोन पिनांवर चालवलेलं मशीन दिसलं तर ते तिथंच बंद करा, मालक काहीही म्हणो. मग दोन्ही हातांची बटणं तपासा: एकच दाबल्यावर हॉर्न खाली येता कामा नये. एका बटणावर चिकटपट्टी लावून दुसरा हात मोकळा ठेवणं म्हणजे तोच हात हॉर्नखाली द्यायची तयारी करणं. इमर्जन्सी स्टॉप दाबून बघा. हॉर्न खाली ढकलणाऱ्या हवेचा दाब आणि हवेच्या फिल्टरमधलं पाणी पाहून घ्या. पावसाळ्यात ते लवकर साठतं. हॉर्न लोखंडी फिक्स्चरला, म्हणजे भाग धरून ठेवणाऱ्या साच्याला, थेट टेकत नाही ना, हेही बघा.

कानांचं संरक्षण लोक टाळतात, कारण अल्ट्रासॉनिक म्हणजे ऐकू न येणारं अशी समजूत आहे. १५ किलोहर्ट्झचं मशीन बहुतेकांना ऐकू येतं, आणि २० किलोहर्ट्झवरही जोडायचा भाग थरथरून किंचाळतो. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही आपल्याकडची मर्यादा, पण शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत असेल तर मीटरची वाट न पाहता इअरप्लग घाला. पीव्हीसी किंवा अ‍ॅसिटल ही प्लास्टिकं जोडताना धूर ओढून घेणारा पंखा हवाच. पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराईड सुटतो, अ‍ॅसिटलमधून फॉर्मल्डिहाईड.

दुरुस्तीच्या वेळी मात्र घाई अजिबात नको. स्विच बंद केला म्हणजे मशीन मेलं, असं होत नाही. हॉर्नसाठी जास्त फ्रिक्वेन्सीची वीज तयार करणारा डबा म्हणजे जनरेटर. त्याच्या आत २३० व्होल्टपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज असतं, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये भार उरतो. म्हणून प्लग उपसा, त्यावर कुलूप आणि नावाची चिठ्ठी लावा, हवेचा व्हॉल्व्ह बंद करून नळीतला दाब सोडून द्या. हवा सोडताना हॉर्न आपल्या वजनानं खाली येऊ शकतो, तेव्हा त्याखाली हात नको. मग मॅन्युअलमध्ये लिहिलेला वेळ थांबा. लिहिलेला नसेल तर मी पाच मिनिटं थांबतो, आणि मीटर लावल्याशिवाय आत हात घालत नाही.

कन्व्हर्टर, म्हणजे विजेचं थरथरीत रूपांतर करणारा भाग, स्वतः उघडू नका. त्यातल्या सिरॅमिक चकत्या दाब पडला किंवा तापमान बदललं तरी स्वतःहून वीज तयार करतात. कपाटात पडून असलेला कन्व्हर्टरही झटका देऊ शकतो. जनरेटर चालू असताना कन्व्हर्टरची केबल काढू नका, लावूही नका. हॉर्न आणि बूस्टर (कन्व्हर्टर आणि हॉर्नमधला, थरथर कमीजास्त करणारा तुकडा) सोडवताना व्हाइसमध्ये आवळू नका, दिलेला पानाच वापरा. जोडणीचे पृष्ठभाग पुसून घ्या आणि टॉर्क रेंचनं कंपनीनं सांगितलेल्या मापावर घट्ट करा. सैल जोड तापतो, ओरडतो आणि ओव्हरलोड दाखवतो. हॉर्नला बारीक चीर दिसली तर तो बाजूला काढा. कानस मारून चालवून घेतला तर फ्रिक्वेन्सी बदलते, आणि चीर वाढत गेली की तुकडा उडू शकतो.

सगळं परत बसवल्यावर आधी कव्हर लावा, मग प्लग. पहिली चाचणी हॉर्नखाली काही न ठेवता, हात दूर ठेवून घ्या. मशीनवरची सूचना मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहा, कारण एकाच पाळीत दोन्ही बोलणारी माणसं असतात. आणि कुलूप ज्यानं लावलं त्यानंच काढायचं. काम पुढच्या पाळीकडे जात असेल तर समोरासमोर सांगून, त्या फिटरचं कुलूप आधी लागल्यावरच आपलं काढा.