कीवर्डच्या नकाशातून आधी 'जॅगरी' काढा
कोल्हापुरात बसून गुळावरचे शोधनिबंध धुंडाळणार असाल, तर 'जॅगरी' एवढ्यावरच थांबू नका. कोलंबियातलं संशोधन 'पनेला' नावाखाली आहे, शिवाय 'नॉन-सेंट्रिफ्युगल शुगर'ही टाकून बघा.

स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसमधून निकालांची सीएसव्ही (तक्त्याची) फाइल उतरवा आणि लायडन विद्यापीठात तयार झालेल्या व्हॉसव्ह्यूअर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कीवर्डचा नकाशा काढा, म्हणजे कोणते कीवर्ड निबंधांत एकत्र येतात ते ठिपके आणि रेघांनी दिसेल. पहिला नकाशा हमखास फसवा येतो: मधोमध 'जॅगरी'चा भलामोठा ठिपका आणि सगळ्या रेघा त्याच्याकडे. जे शोधलं तेच सापडलं, त्यात नवल काय! नकाशा तयार होण्याआधी निवडलेल्या कीवर्डची यादी समोर येते, तिथे शोधशब्दांपुढची टिकमार्क काढा. मग काहिलीची (रस आटवायच्या कढईची) उष्णता, साठवणुकीतला ओलावा, भेसळ असे विषय सुटे दिसायला लागतात. कीवर्ड किमान किती वेळा यावा, हा आकडा आपोआप 5 असतो. निबंध थोडेच असतील तर 2-3 करा.

ओव्हरले नकाशातला (ठिपक्यांना वर्षानुसार रंग देणाऱ्या नकाशातला) पिवळा ठिपका दाखवून 'विषय नवा आहे' असं गाईडना लगेच सांगू नका. तो रंग सरासरी प्रकाशनवर्षाचा असतो. जुन्या विषयावर अलीकडे भरपूर लिहिलं गेलं तरी ठिपका पिवळाच. दर वर्षी किती निबंध आले याच्या आलेखात चालू वर्षाचा स्तंभ सरळ वगळा, ते वर्ष अजून पुरं झालेलं नसतं.