ट्यूबलाइटसमोर धरलेला लिफाफा

व्हायरल न्यूमोनियाच्या वॉर्डात दाह कमी करणाऱ्या औषधाची ट्रायल लावायची म्हटली की नवीन मुलं आधी डोस विचारतात. मी कोऑर्डिनेटर, माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: पेशंट ऑक्सिजनवर आहे का?

उगाच नाही विचारत. २०२० साली ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये कोविडच्या रुग्णांना डेक्सामेथासोन हे दाह कमी करणारं स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिलं. व्हेंटिलेटरवरचे २८ दिवसांत नेहमीच्या उपचारांवर ४१.४ टक्के दगावले, औषधावर २९.३. नुसत्या ऑक्सिजनवरच्यांत २६.२ विरुद्ध २३.३. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांना फायदा दिसला नाही. औषधावरचा आकडा उलट १७.८, नुसत्या उपचारांवरचा १४. सुरुवातीला विषाणूशी लढायला प्रतिकारशक्ती लागते, पुढे तीच फुप्फुसावर उलटते. तेव्हा हे गट आराखड्यातच लिहून ठेवा. निकाल हातात आल्यावर पाडलेले गट कुणी मानत नाही, मानूही नये.

एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआय या देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतली नोंदणी पहिल्या पेशंटच्या आधी. कन्सेंट घेताना घाई नको. धाप लागलेला माणूस कशावरही सही करतो, म्हणून त्याच्या घरच्यांना बाजूला बसवून सांगा. वाचता येत नसेल तर साक्षीदार ट्रायलशी संबंध नसलेलाच हवा. वॉर्डबॉय चालणार नाही.

आता चिठ्ठी, म्हणजे कुणाला औषध आणि कुणाला नेहमीचे उपचार हे नशिबावर सोडणं. माझ्या पहिल्या ट्रायलला गट लिहिलेले बंद लिफाफे होते. एका रात्री ड्यूटीवरचा रेसिडेंट लिफाफा ट्यूबलाइटसमोर धरून बघताना सापडला. पोरगा वाईट नव्हता. बेड नंबर सातच्या काकांना औषधच मिळावं एवढंच त्याला वाटत होतं. पण असे दहा काका झाले की दोन्ही गट सारखे राहत नाहीत आणि सगळी मेहनत वाया. तेव्हापासून मी कॉम्प्युटरवरची वाटणीच मागते: आधी पेशंटची नोंद, मग गट.

रिकव्हरी ट्रायलमध्ये कोणाला औषध चाललंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. अशा वेळी ‘बरं वाटतंय’ या मोजमापाला अर्थ नाही. २८व्या दिवशी माणूस जिवंत आहे का, हे विचारा.

स्टेरॉइडने शुगर वाढते, म्हणून ते असेल तर शुगरचा तक्ता दोन्ही गटांना सारखाच लावा. औषधाच्या गटातच तपासलं तर शुगर तिथेच वाढलेली दिसणार. २०२१ मध्ये महाराष्ट्रात शुगर वाढलेल्यांना गाठणाऱ्या म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, इतके रुग्ण पाहिल्यावर हे सिस्टरांना दोनदा सांगावं लागत नाही. गंभीर घटना घडली तर २४ तासांत कळवायची, मग रविवार असो की दिवाळी.

सगळ्यात जास्त माहिती गळते ती डिस्चार्जनंतर. पेशंट गावी जातो, फोन बंद. अॅडमिशनलाच तीन नंबर घ्या: एक त्याचा, एक मुलाचा आणि एक शेजारच्या किराणा दुकानाचा. दुकान बहुतेक उचलतं.